इलेक्ट्रो स्विंग आणि गॅरेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९३०च्या दशकातला स्विंग आणि क्लबमधलं हाऊस-गॅरेज यांच्या मिलाफाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न ऐकणाऱ्यांचे आहेत, नंतरचे ट्रॅक बनवणाऱ्यांचे आणि डीजेंचे. तेच तेच परत लिहायला नको म्हणून गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इलेक्ट्रो स्विंग म्हणजे नक्की काय?

१९२० ते १९४५च्या सुमाराच्या जॅझमधले तुकडे उचलायचे, म्हणजे ट्रम्पेटची ललकारी, क्लॅरिनेटची तान, गायिकेची एखादी ओळ, आणि त्यांच्याखाली आजच्या क्लबचा किक (मोठ्या ड्रमचा ठोका), बास आणि हाय-हॅट (पायानं उघडझाप होणाऱ्या दोन झांजा) घालायचा. काही मंडळी तुकडे न उचलता तसंच नव्यानं वाजवून घेतात. हाऊस आणि गॅरेजकडे झुकणाऱ्या ट्रॅकचा वेग साधारण १२० ते १३२ बीपीएम (मिनिटाला पडणाऱ्या मात्रा) असतो. हिप-हॉपकडे झुकणारे ९० ते ११०च्या आसपास राहतात. या पानावर भर पहिल्या शाखेवर आहे, कारण स्विंगचं गॅरेजशी असलेलं नातं तिथेच सर्वांत स्पष्ट ऐकू येतं.

२. गॅरेज म्हणजे गाड्यांचं गॅरेज, गॅरेज रॉक की आणखी काही?

गाड्यांच्या गॅरेजशी खरंच संबंध आहे. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या किंग स्ट्रीटवर पार्किंगसाठी बांधलेल्या इमारतीत पॅरडाइज गॅरेज हा क्लब होता. १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं तो चालला, आणि लॅरी लेव्हन हा त्याचा डीजे. तिथे वाजायचं ते गॉस्पेलच्या वळणाचं, भरघोस गायकीचं नृत्यसंगीत. त्यालाच पुढे 'गॅरेज' म्हणू लागले. शेजारच्या न्यू जर्सीत, नेवार्कच्या झँझिबार क्लबमध्ये टोनी हम्फ्रीजनं हेच वळण पुढे नेलं.

शिकागोतला फ्रँकी नकल्स हा लेव्हनचा जुना मित्र. त्याच्या वेअरहाऊस क्लबवरून 'हाऊस' हे नाव आलं. म्हणून हाऊस आणि गॅरेज ही सख्खी भावंडं. साठच्या दशकातल्या कच्च्या गिटारींचं गॅरेज रॉक हे वेगळं घराणं आहे, त्याचा इथे काही संबंध नाही.

३. स्विंग हे एका काळाचं नाव की ठेक्याचं?

दोन्हीचं, आणि बहुतेक घोळ इथेच होतो. काळ म्हणून पाहिलं तर २१ ऑगस्ट १९३५ ही तारीख सांगतात. त्या रात्री लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या बँडला तरुणांनी डोक्यावर घेतलं. पण गुडमन जे वाजवत होता त्यातल्या कितीतरी रचनांची मांडणी फ्लेचर हेंडरसनची होती, आणि हार्लेममध्ये सॅव्हॉय बॉलरूम १९२६पासून या संगीतावर नाचत होतं.

ठेका म्हणून स्विंग म्हणजे मात्रेच्या आतली असमान वाटणी. एका मात्रेतले दोन सूर सारखे न वाजवता पहिला लांबवायचा आणि दुसरा उशिरानं, आखूड घ्यायचा. मात्रेचे तीन भाग केले तर पहिल्या सुराला दोन भाग, दुसऱ्याला एक. तबला शिकलेल्यांना लगेच कळेल: तिस्र जातीत मधला आघात गाळला की उरतं ते.

पुढे या पानावर नुसता 'स्विंग' हा शब्द ठेक्यासाठी वापरला आहे. काळाबद्दल बोलायचं तिथे 'स्विंगचा काळ' असं लिहिलं आहे.

४. एवढं लोकप्रिय संगीत १९४५नंतर अचानक का ओसरलं?

पैशांमुळे. पंधरा-सोळा वादकांचा बँड गावोगाव फिरवणं युद्धकाळात परवडेना, शिवाय वादक सैन्यात गेले. ऑगस्ट १९४२पासून अमेरिकन वादक संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, तो पूर्णपणे सुटायला १९४४ उजाडलं. गायकांना हा बहिष्कार लागू नव्हता, त्यामुळे त्या काळात बँड मागे पडून गायक पुढे आले. १९४४मध्येच नाचाची सोय असलेल्या ठिकाणांवर जबर केंद्रीय कर बसला. मालकांनी नाचाची जागा काढून टाकली आणि छोटे बँड ठेवले.

५. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं संगीत आजच्या क्लबच्या ठेक्यावर बसतं तरी कसं?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

लिंडी हॉपसाठी (स्विंगच्या काळातला जोडीनं करायचा नाच) वाजणारी जलद गाणी २४० ते २६० बीपीएमची असायची. त्याचं निम्मं करा: १२० ते १३०. हा नेमका हाऊस-गॅरेजचा वेग. म्हणजे जुन्या गाण्याच्या दोन मात्रा क्लबच्या एका मात्रेत बसतात, आणि गाणं न ओढता-ताणता घरी आल्यासारखं वाटतं.

आता मात्रेच्या आत डोकावा. क्लबच्या ठेक्याच्या एका बारमध्ये, म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनात, १६ घरं धरू. जुन्या गाण्यात झुलणारे दोन सूर एका मात्रेत होते. वेग निम्मा धरल्यावर तेच सूर क्लबच्या अर्ध्या मात्रेत, म्हणजे लागोपाठच्या दोन घरांत येतात. आणि गॅरेजचा हाय-हॅट झुलतो तो याच पातळीवर. १९३७चा ड्रमर आणि १९९७चा लंडनचा प्रोड्यूसर एकाच जागी सूर उशिरा टाकत होते.

तिसरी जुळणी हाय-हॅटची. काउंट बेसीच्या बँडमध्ये जो जोन्सनं ताल धरण्याचं काम पायातल्या मोठ्या ड्रमकडून हाय-हॅटकडे नेलं. त्या काळच्या हाय-हॅटची टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. निम्म्या वेगाच्या हिशेबात ती क्लबच्या ३, ७, ११ आणि १५ या घरांत येते, आणि हाऊसमधला उघडा हाय-हॅट वाजतो तोही याच चार घरांत.

एक बारकावा राहिला. वेग वाढला की ड्रमर स्विंग थोडा सपाट करतात. २५० बीपीएमला २:१ वाटणी काटेकोर पाळली तर ताल उड्या मारल्यासारखा ऐकू येतो, म्हणून प्रमाण बऱ्याचदा ६० टक्क्यांच्या आसपास उतरतं. गॅरेजचा स्विंगही साधारण ५४ ते ६२ टक्क्यांचाच. म्हणून मध्यम लयीच्या गाण्यांपेक्षा जलद गाणी जास्त सहज बसतात. या टक्क्यांचा अर्थ पुढच्या उत्तरात आहे.

६. ड्रम मशीन झुलायला कधी शिकली? ते ५८ टक्के, ६६ टक्के म्हणजे काय?

रॉजर लिन या अमेरिकन अभियंत्यानं १९८०च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये ही सोय दिली. त्याच्याच रचनेच्या आकाई एमपीसी-६०मुळे (१९८८) ती हिप-हॉप आणि हाऊसवाल्यांच्या हातात सर्रास आली. प्रत्येक जोडीतलं दुसरं घर किती उशिरा वाजवायचं, एवढंच हा आकडा सांगतो. ५० टक्के म्हणजे सपाट, ६६.७ टक्के म्हणजे तिस्र. एमपीसीवर ७५ टक्क्यांपर्यंत जाता येतं.

१३० बीपीएमला अर्धी मात्रा सुमारे २३१ मिलिसेकंदांची असते. दुसरं घर ५० टक्क्यांना ११५व्या मिलिसेकंदाला वाजतं, ५४ला १२५व्या, ५८ला १३४व्या आणि ६६.७ला १५४व्या. म्हणजे ५४ आणि ५८ यांत जेमतेम ९ मिलिसेकंदांचा फरक आहे, तरी नाचणाऱ्याच्या पायाला तो कळतो.

७. लंडनचं गॅरेज अमेरिकेतल्या गॅरेजहून वेगळं कसं झालं?

नव्वदच्या सुरुवातीला लंडनचे डीजे रविवारी सकाळी, रात्रभर 'जंगल' हे जलद, तुटक ठेक्याचं क्लबसंगीत ऐकून आलेल्या लोकांसाठी अमेरिकन गॅरेजच्या तबकड्या वाजवायचे. मूळ वेग त्यांना संथ वाटे, म्हणून पिच वाढवून ते १३०पर्यंत न्यायचे. गायकी ओढली जाऊन विचित्र व्हायची, म्हणून गायकी कमी असलेल्या डब आवृत्त्या जास्त चालल्या. न्यू जर्सीच्या टॉड एडवर्ड्सनं आवाजाचे कण कापून त्यांचीच नक्षी करायचं तंत्र दाखवलं. लंडनकरांनी ते मनापासून उचललं.

१९९७च्या सुमारास जंगलचा गुरगुरणारा बास आत आला आणि 'स्पीड गॅरेज' झालं. डबल ९९चं 'रिपग्रूव्ह' हा त्याचा ठळक नमुना. लगेच पुढे 'टू-स्टेप' आलं, ज्यात चारही मात्रांवरचा किक मोडून टाकला आणि मोकळ्या जागेत स्विंग उघडा पडला. एमजे कोलचं 'सिन्सिअर' (१९९८) ऐका. ठेका जणू पाय उचलून धरतो आणि मग सोडतो. १९९९ ते २००१ या काळात हे संगीत ब्रिटनच्या लोकप्रिय यादीत सर्वांत वर होतं.

८. न्यू जॅक स्विंग म्हणजेच इलेक्ट्रो स्विंग का?

नाही. ते टेडी रायलीनं १९८०च्या दशकाच्या शेवटी घडवलेलं आर अँड बी आहे. त्यात जुनं जॅझ नाही, पण सोळा घरांतला झुलता ठेका आहे. त्यामुळे नाव जुळतं, आणि ठेक्याच्या हिशेबात ते गॅरेजचं लांबचं नातेवाईक ठरतं.

९. या प्रकारातलं पहिलं गाणं कोणतं?

एकच पहिलं गाणं सांगणं चुकीचं ठरेल, पण १९९४ हे वर्ष टाळता येत नाही. त्या वर्षी हॉलंडच्या डूप या जोडीचं 'डूप' हे चार्ल्स्टन या १९२०च्या दशकातल्या नाचाच्या संगीतावर बेतलेलं क्लबगीत मार्चमध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी लुकास या डॅनिश-अमेरिकन रॅपरनं 'लुकास विथ द लिड ऑफ'मध्ये बेनी गुडमनच्या १९३५च्या रेकॉर्डिंगचा तुकडा वापरला. दोन शाखा, हाऊसची आणि हिप-हॉपची, अशा एकाच वर्षी दिसल्या. १९९९मध्ये मिस्टर स्क्रफच्या 'गेट अ मूव्ह ऑन'नं दाखवून दिलं की अशा तुकड्यांवर गंभीर काम उभं राहू शकतं.

मात्र ही सुटी गाणी होती. घराणं म्हणावं असं काही त्यानंतर दहा वर्षांनी जमलं (प्रश्न ११).

१०. नव्वदच्या दशकात अमेरिकेत स्विंग परत आला होता ना? तोच का हा?

तो वेगळा. ब्रायन सेट्झर ऑर्केस्ट्रा, बिग बॅड वूडू डॅडी, रॉयल क्राउन रेव्ह्यू हे जिवंत वाजवणारे बँड होते, आणि त्यांचा ओढा १९४०च्या जंप ब्लूजकडे आणि रॉकाबिलीकडे. यंत्रं नाहीत, सॅम्पल (जुन्या रेकॉर्डमधून उचललेले तुकडे) नाहीत. लिंडी हॉपचे वर्ग जगभर सुरू व्हायला त्या लाटेचा मोठा हातभार लागला, आणि इलेक्ट्रो स्विंगला त्यातून नाचणारे तयार मिळाले.

११. मग हे संगीत अमेरिकेऐवजी ऑस्ट्रिया-फ्रान्समध्ये का रुजलं?

ऑस्ट्रियातल्या लिंझचा मार्कुस फ्यूरेडर म्हणजेच पारोव्ह श्टेलार. २००४ आणि २००५च्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये ठेका अजून संथ आणि धुरकट आहे, २००९च्या 'कोको'पर्यंत तो नाचाच्या फरशीवर आलेला दिसतो. व्हिएन्नाच्या वाल्डेकनं २००७मध्ये हेच काम जरा दिवाणखान्यातल्या बाजानं केलं.

फ्रान्समध्ये तर जमीन आधीच नांगरलेली होती. १९३४पासून पॅरिसच्या हॉट क्लब क्विंटेटमध्ये जँगो राइनहार्टची गिटार आणि स्टेफान ग्रापेलीचं व्हायोलिन गाजत होतं. त्या बँडमध्ये ड्रमर नव्हताच! दोन ठेका-गिटारी आणि डबल बास मिळून ताल धरत. ड्रम नसलेल्या संगीताखाली नवा किक घालणं ध्वनितंत्राच्या दृष्टीनं फार सोपं जातं, कारण दोन किकांची भांडणं होत नाहीत. कॅरव्हान पॅलेस या पॅरिसच्या बँडनं २००८च्या पहिल्या अल्बममध्ये याच जिप्सी जॅझच्या अंगानं काम केलं, आणि ते बरंचसं स्वतः वाजवून केलं.

तिसरं कारण कायद्याचं, ते प्रश्न १७मध्ये आहे. ते कमी लेखू नका.

१२. २०१०मध्ये सगळीकडे हेच ऐकू यायचं. तेव्हा काय झालं होतं?

वाग्राम या फ्रेंच कंपनीनं २००९पासून 'इलेक्ट्रो स्विंग' याच नावाची संकलनं काढली, आणि ब्रायटनच्या फ्रेशली स्क्वीझ्डनं २०१०मध्ये 'व्हाइट मिंक : ब्लॅक कॉटन' काढलं. प्रकाराला नाव आणि दुकानात खण मिळाला. त्याच वर्षी सर्बियाच्या ग्रामोफोनडझीनं पेगी लीच्या आवाजावर केलेलं हाऊस ब्रिटनमध्ये गाजलं. ऑस्ट्रेलियाच्या योलांडा बी कूल आणि डीकपनं रेनातो कारोझोनेच्या १९५६च्या नेपल्सच्या गाण्यावरून केलेलं 'वुई नो स्पीक अमेरिकानो' तर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

लाट ओसरल्याची खूण म्हणून अनेक जण २०१५चं युरोव्हिजन सांगतात. ब्रिटननं त्या स्पर्धेत इलेक्ट्रो स्विंगचंच गाणं पाठवलं आणि ते ५ गुणांसह २४वं आलं. पण त्याच वर्षी कॅरव्हान पॅलेसचं 'लोन डिगर'ही आलं, आणि या प्रकारातलं ते सर्वांत जास्त ऐकलं गेलेल्या गाण्यांपैकी एक आहे.

१३. चार किकांवरचा स्विंग आणि टू-स्टेपवरचा स्विंग, बनवताना काय फरक करायचा?

एका बारची १६ घरं धरा.

चार किकांसाठी: किक १, ५, ९, १३. क्लॅप ५ आणि १३. उघडा हाय-हॅट ३, ७, ११, १५.

टू-स्टेपसाठी: किक १ आणि ११. स्नेअर (तडतडणारा छोटा ड्रम) ५ आणि १३. बंद हाय-हॅट हवा तिथे, पण सलग सोळा नको.

आता नीट बघा: वर लिहिलेली सगळी घरं विषम आहेत, आणि स्विंगची कळ फक्त सम घरं हलवते. त्यामुळे एवढ्यावर थांबून स्विंग ५८वर नेलात तर काहीच बदलणार नाही. "स्विंग लावला पण ऐकूच येत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. २, ८, १०, १६ अशा सम घरांत हलके आवाज ठेवा: घोस्ट स्नेअर मुख्य स्नेअरपेक्षा १२ ते १५ डेसिबल खाली, किंवा बंद हाय-हॅट, किंवा काठीची टिचकी.

जुन्या रेकॉर्डमध्ये ठेका-गिटार ठळक असेल तर चार किकांच्या मांडणीत उघडा हाय-हॅट काढून टाका. गिटारीचा जोरही दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे त्याच घरांत आहे (हिशेब प्रश्न ५मध्ये), दोन्ही ठेवलं तर तिथे नुसती चरचर होते. टू-स्टेपमध्ये उलट अडचण: किक कमी असल्यानं जुन्या रेकॉर्डची चालती डबल बास उघडी पडते आणि नव्या बासशी भांडते. तिथे सॅम्पलचा खालचा भाग कापावा लागतो (प्रश्न १५).

'स्विंग गॅरेज' हे नाव फार रूढ नाही. या प्रकारातलं बहुतेक काम चार किकांवर आहे. आमच्या मते टू-स्टेपमध्ये करण्यासारखं अजून पुष्कळ शिल्लक आहे.

१४. सॅम्पल ग्रिडवर बसवला की त्याचा जीवच जातो. काय चुकतं?

वॉर्पच्या खुणा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आवाज ओढून ग्रिडच्या (समान घरांच्या) रेषेवर आणणाऱ्या खुणा, जास्त मारल्या जातात. जुने बँड मेट्रोनोमशिवाय वाजवत, वेग गाण्यात सहज दोन-चार बीपीएम सरकतो. तो सरळ करायला लोक प्रत्येक आघातावर खूण मारतात, आणि मग झुलणारा सूरही ओढून सपाट घरात बसतो.

असं करा. आधी गाणं निम्म्या वेगाच्या हिशेबात धरा. पहिल्या बारच्या पहिल्या आघातावर एक खूण, मग क्लबच्या दर दोन बारांनी एक. मधलं काही हलवू नका. ऐकून बघा. एखादा बार घसरत असेल तरच त्याच्या सुरुवातीला आणखी एक खूण मारा.

मग नव्या ड्रमना जुन्याच्या मागे न्या. एबलटन लाइव्ह या संगीत बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवरून ग्रूव्ह (ठेक्याचा झोल) काढून घेता येतो. तो हाय-हॅट आणि घोस्ट स्नेअरला लावा, टायमिंग ६० ते ८० टक्के. किकला लावू नका, किक स्थिर राहू दे. ज्यात ही सोय नाही तिथे स्विंग ५८वर ठेवून कानानं एकेक टक्का वरखाली करा. जुना हाय-हॅट आणि नवा हाय-हॅट मिळून एकच आवाज आला की थांबा. दोन वेगळ्या टिचक्या ऐकू आल्या तर अजून जुळलेलं नाही.

१५. जुन्या तबकडीत बास नाही, वर खरखर. साफ किती करायचं?

१९२५च्या सुमाराआधी कर्ण्यात वाजवून मुद्रण होई, त्यात खालचे सूर जवळजवळ नसतातच. त्यानंतर विजेचा मायक्रोफोन आला, तरीही सुमारे १०० हर्ट्झच्या खाली आणि ६ ते ७ किलोहर्ट्झच्या वर फारसं संगीत हाती लागत नाही. त्या दोन टोकांना जे ऐकू येतं ती घरघर आणि खरखर.

क्रम महत्त्वाचा. आधी टिकटिक काढा, मग वेग बदला. उलट केलंत तर प्रत्येक टिकटिक ताणली जाऊन तिचा 'छप' असा आवाज होतो आणि मग ती निघत नाही. खरखर ६ डेसिबलपेक्षा जास्त कमी करू नका, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. १२० ते १५० हर्ट्झखालचं कापा आणि तिथे नवा बास ठेवा. सॅम्पल मोनोच ठेवा आणि रुंदी नव्या वाद्यांना द्या. किकच्या वेळी सॅम्पल ३-४ डेसिबल दबू द्या.

तुकडा थांबला की खरखरही थांबते आणि तो खड्डा कानाला बोचतो. तुकड्याच्या टोकांना ५ ते १० मिलिसेकंदांचा उतार द्या, किंवा त्याच तबकडीतली शांत जागेतली खरखर सलग खाली वाजू द्या.

१६. बास बरोबर पट्टीत लावला, तरी सॅम्पलशी बेसूर वाटतो. का?

'७८' हा वेग नावापुरताच होता. जुन्या तबकड्या थोड्या कमी-जास्त वेगानं कापल्या गेल्या आहेत, त्यामुळे गाणं बऱ्याचदा दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी असतं. सॅम्पल सेंटच्या (एका पट्टीचा शंभरावा भाग) हिशेबानं हलवून आधी जवळच्या पट्टीत आणा, मग बास लावा.

सूर न सांभाळता नुसता वेग वाढवला तर सुमारे ६ टक्क्यांना सूर एक पट्टी चढतो, पांढरी एकची काळी एक होते. २४०चं गाणं २५२ला नेलं तर वाढ ५ टक्के, म्हणजे पट्टीला थोडी कमी. वाद्यांच्या तुकड्याला असा चढ खुलतो. गायकीला ३ टक्क्यांपलीकडे नको, आवाज बाहुलीसारखा होतो. तिथे वेग आणि सूर वेगळे ठेवणारी पद्धत वापरा.

१७. इतकी जुनी रेकॉर्ड आहे, आता कॉपीराइट कुठला?

इथे दोन हक्क वेगळे आहेत आणि दोन्ही तपासावे लागतात: ध्वनिमुद्रणाचा आणि रचनेचा.

ध्वनिमुद्रण: भारतात प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. ब्रिटन आणि युरोपीय संघात मुदत ५०वरून ७० वर्षं झाली, पण १९६३च्या आधी प्रकाशित झालेल्यांचा हक्क तोवर संपला होता, तो परत जिवंत झाला नाही. म्हणून १९३०च्या दशकात प्रकाशित झालेलं सगळं ध्वनिमुद्रण तिथे मोकळं आहे. प्रश्न ११मधलं कायद्याचं कारण ते हेच. अमेरिकेत मात्र २०१८च्या कायद्यानुसार १९२३ ते १९४६मधल्या रेकॉर्डिंगला १०० वर्षं आहेत. १९३५ची तबकडी तिथे १ जानेवारी २०३६ला मोकळी होईल.

रचना: भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपात ७०. इथे फसगत होते ती अशी. फॅट्स वॉलर १९४३मध्ये वारला, म्हणून त्याचं संगीत भारतात मोकळं आहे. पण त्याच्या गाजलेल्या अनेक गाण्यांचे शब्द अँडी रझाफचे, आणि तो १९७३मध्ये वारला. शब्दांवरचा हक्क भारतात २०३३ अखेरपर्यंत आहे. ड्यूक एलिंग्टन १९७४मध्ये वारला, म्हणजे त्याच्या रचनांवरचा हक्क २०३४ अखेरपर्यंत.

आणखी एक: तुकडा साफ केलेल्या नव्या सीडीवरून किंवा स्ट्रीमिंगवरून न घेता मूळ तबकडीवरून घ्या. नव्या आवृत्तीवर वेगळा दावा येऊ शकतो. ट्रॅक जगभर विकायचा असेल तर अमेरिकेचा नियम धरूनच चाला, आणि आधी वकिलाला दाखवा.

१८. आपल्याकडची जुनी गाणी वापरता येतील का? मुंबईत स्विंग होता का?

होता, आणि चांगला होता. १९३५मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्डही तिथे वाजवू लागला. त्यांच्याबरोबरीनं गोव्याचे वादक तयार होत गेले. आल्डोण्याचा अंतोनिओ झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, त्याला हाताशी घेतलं आणि स्विंग थेट हिंदी चित्रपटात आणला. भगवानदादांच्या 'अलबेला'त (१९५१) 'शोला जो भडके' ऐकताना ब्रास आणि ठेका यांकडे लक्ष द्या.

कायद्यानं पाहिलं तर १९५१च्या ध्वनिमुद्रणाचे भारतातले हक्क २०११ अखेर संपले. पण सी. रामचंद्र १९८२मध्ये गेले आणि गीतकार राजेंद्र कृष्ण १९८७मध्ये, त्यामुळे चाल २०४२ आणि शब्द २०४७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. परवानगीशिवाय वापरू नका.

तांत्रिक अडचण वेगळीच आहे. या गाण्यांत ढोलक किंवा बोंगो झुलता नसून सपाट वाजतो आणि वर ब्रास झुलतो, असं मिश्रण बऱ्याचदा सापडतं. नवा हाय-हॅट ५८वर ठेवला तर ढोलकाशी आदळतो. ५३-५४वर ठेवा, किंवा फक्त ब्रासचा भाग उचला.

१९. मिक्स करताना दोन ट्रॅकचे भाग एकमेकांवर चढत नाहीत. वेग तर जुळलाय.

बार मोजा. हाऊस आणि गॅरेज ८ आणि १६ बारांच्या कप्प्यांत चालतं. जुनी गाणी दोन प्रकारची. ३२ बारांची, आठ-आठच्या चार भागांची गाणी निम्म्या वेगात १६ बारांची होतात आणि सहज बसतात. १२ बारांचा ब्लूज निम्म्या वेगात ६ बारांचा होतो, आणि तो ८च्या कप्प्याशी २४ बारांनीच परत जुळतो. अशा ट्रॅकमधून बाहेर पडायचं तर ब्लूजची चार आवर्तनं पूर्ण होऊ द्या आणि तिथेच पुढचा ट्रॅक आणा. घाई असेल तर सूर नसलेल्या ड्रमच्या जागेवर तोडा.

दोन झुलते हाय-हॅट एकत्र वाजू देऊ नका. ५४ आणि ६०चे ट्रॅक एकाच वेगाचे असले तरी मिक्समध्ये अडखळल्यासारखे वाटतात. एकाचे वरचे सूर आधीच खाली आणा.

२०. यावर नाचायचं कसं? चार्ल्स्टन येत नाही.

१२६ बीपीएमला चार्ल्स्टन आरामात जमतो, कारण एका मात्रेला एकच हालचाल करायची आहे. डावा पाय पुढे, उजव्यानं पुढे हलकी लाथ, उजवा मागे टेका, डाव्यानं मागे टोकाचा स्पर्श. गुडघे सैल ठेवा. हे बसलं की प्रत्येक हालचालीला टाचा बाहेर-आत फिरवा. टू-स्टेपवर हाच नाच अवघड जातो, किक पायाला आधार देत नाही. तिथे पाय स्नेअरवर मोजा.

२१. हा नुसता बो-टाय आणि मोत्यांच्या माळांचा वेशभूषा-समारंभ आहे, अशी टीका होते. खरी आहे का?

बऱ्याच कार्यक्रमांपुरती खरी आहे. पोस्टरवर श्रीमंत गोऱ्यांची पार्टी दिसते, आणि ज्यांच्या रेकॉर्डिंगमधून तुकडे घेतले त्यांची नावंही कुठे नसतात. हे टाळता येतं आणि टाळलंच पाहिजे.

या संगीताचे दोन्ही पालक मॅनहॅटनचे. लेनॉक्स ॲव्हेन्यूवरचं सॅव्हॉय बॉलरूम १९२६ ते १९५८ चाललं, आणि गोरे-काळे एकत्र नाचू शकतील अशा तिथल्या मोजक्या जागांपैकी ते होतं. किंग स्ट्रीटवरचं पॅरडाइज गॅरेज मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुणांनी उभं केलं. दोन्ही ठिकाणी ठेका घडला तो नाचणाऱ्यांच्या पायांमुळे. सॅव्हॉयमध्ये चिक वेब हा ठेंगणा, पाठीच्या क्षयानं आयुष्यभर त्रासलेला ड्रमर बसायचा. ११ मे १९३७च्या सामन्यात त्याच्या बँडनं बेनी गुडमनच्या बँडवर मात केली, आणि गुडमनचा ड्रमर जीन क्रुपानं ती मोकळेपणी मान्य केली.

ट्रॅक प्रसिद्ध करताना मूळ बँड, गायक, वर्ष आणि जमल्यास वादकांची नावं द्या. सुरुवात कुठून करावी असं विचारणाऱ्यांना आम्ही चिक वेबच्या बँडमधली एला फिट्झजेराल्ड, १९३०च्या उत्तरार्धातला काउंट बेसी आणि जिमी लन्सफर्ड सुचवतो. त्यानंतर टॉड एडवर्ड्स आणि एमजे कोल ऐका, आणि दोन्हीकडे कान फक्त हाय-हॅटवर ठेवा.